अश्विनला कुणी काही बोलू नका

१६ फेब्रुवारी, अमरावती

शाळेत असताना रोज काही ना काही तक्ते भरावे लागायचे. निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं, आता किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहायचं नाही. पण काल अकोल्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही लिहीत जा. मुलासाठी नाही, तुमच्यासाठी." म्हणून ही वही. कुणी वाचणार नाही, तेव्हा अक्षर कसंही आलं तरी चालेल.

जे लिहायला जड जातं ते आधी लिहून टाकते. गेल्या पावसाळ्यात अश्विननं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. निमित्त इतकंच, की मित्राच्या लग्नाची पत्रिका बाकीच्यांना घरी जाऊन दिली आणि याला मोबाईलवर पाठवली. पंचवीस वर्षांचा मुलगा. शेजारीपाजारी, नात्यात, अगदी सख्ख्या भावालासुद्धा मी "पोटात इन्फेक्शन झालं" असं सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. मुख्याध्यापिकेवर लोक विश्वास ठेवतात.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. एडीएचडी म्हणजे लहान पोरांचं हुंदडणं एवढंच नाही, मोठेपणीही ते असतं. वस्तू हरवणं, हातातलं काम अर्धवट सुटणं, मन एका जागी न ठरणं, सगळं आमच्या अश्विनचंच वर्णन. आणि अशा काही जणांना नकार सोसत नाही. आपल्याला ओरखडा उठतो तिथं त्यांना भाजतं. "तो नाटक करत नाही, त्याला खरंच तेवढं दुखतं," असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा अश्विनच्या बाबांकडे बघून म्हणाल्या.

करायचं काय, तेही सांगितलं. नाही म्हणायचं असेल तर साध्या शब्दांत म्हणा, पण म्हणून झाल्यावर निघून जाऊ नका; दुखणं ओसरेपर्यंत जवळ थांबा. कौतुक करायचं तर खरंच करा. मी मान डोलावत होते. बसमध्ये येताना विचार केला आणि माझ्यापुरतं सार काढलं: त्याला दुखतं ना, मग दुखू द्यायचंच नाही. नकार त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. आख्खी शाळा सांभाळली मी. गॅदरिंगला एकही पोर बक्षिसाशिवाय घरी गेलं नाही कधी.

२० फेब्रुवारी

आज सकाळी अश्विननं आपणहून चहा केला. माझ्या मनात लाडू फुटले. अश्विनचे बाबा, म्हणजे पुंजाजी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मुळातच बेताचं. त्यांनी अर्धा कप पिऊन ठेवून दिला.

"बिघडला का?" अश्विननं विचारलं.

"नाई, गोड झाला जरासा."

झालं. अश्विन खोलीत गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दारातून मला म्हणाला, "मी या घरात उगाच आहो." मी दाराशी बसून राहिले. बसून बसून कंबर गेली, पण उठायची हिंमत झाली नाही.

तो झोपल्यावर ह्यांना धारेवर धरलं. पुढं तो जे देईल ते गुमान संपवायचं, म्हटलं.

"अवो, मले शुगर आहे."

"मंग मले सांगा. त्याच्यासमोर नोको."

"म्हणजे आता शिंकाचं असलं तरी तुले इचारून शिंकावं लागते," एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन बसले. बसू देत.

३ मार्च

मोतीरामचा फोन. मोतीराम माझा धाकटा भाऊ, अकोल्याला असतो. त्याच्या ओळखीचे देवीदास म्हणून आहेत, पेटी वाजवतात, त्यांची गायन पार्टी आहे. आतापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगावी भीमजयंतीचे कार्यक्रम असतात, त्यांना कोरसला एक आवाज हवाय. अश्विन लहानपणापासून विहारात गातो. मोतीराम म्हणाला, "ताई, पोट्ट्याले धाड इकडं. माह्यापाशी राहीन. घरात बसून बसून सडून जाईन तो."

मी नाही म्हणणार होते. पण अश्विनच "जातो" म्हणाला! स्वतः बॅग भरली. चार्जर विसरला म्हणून परत आला, मग गोळ्या विसरला म्हणून मी रिक्षामागे धावले. कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं त्याला.

रात्री मोतीरामला फोन करून गेल्या पावसाळ्यातलं खरं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मले काहून नाई सांगितलं तवाच?" मी त्याला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या.

९ मार्च, अकोला

अश्विनला न सांगता आले. तो मामीसोबत बाजारात गेला तेवढ्यात देवीदासांना गाठलं. भला माणूस. अंगणात ढोलकाच्या दोऱ्या आवळत बसले होते.

मी सरळ मुद्द्यावर आले. "भाऊ, अश्विनले कोणी काई बोलू नोका. चुकला त मले फोन करा, मी सांगीन त्याले गोडीनं."

"मॅडम, पेटीवर बसलो का माह्यं तोंड आपोआप चालते. ढोलकवाल्याले त मी रोज शिव्या देतो. अन् तो रोज येते."

"अश्विनचं येगळं आहे, भाऊ. त्याले सोसत नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, दोरी खाली ठेवली. "बरं. तुमी म्हणता त नाई बोलत. पण मंग त्याले समजन कसं, कुठं चुकला?"

ते माझ्यावर सोपवा, म्हटलं. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हे त्यांना कशाला सांगायचं?

२४ मार्च, अमरावती

काल अश्विनला पहिल्यांदा एकट्यानं गायला मिळालं. मूर्तिजापूरकडचं गाव. या कार्यक्रमांत एक रीत आहे: गाणं आवडलं की श्रोता उठतो, स्टेजपाशी जाऊन नोट देतो, आणि माइकवरचा माणूस त्याचं नाव पुकारून "गायकाला बक्षीस, जय भीम" म्हणतो. दहाची नोट असली तरी नाव सगळ्या गावाला ऐकू जातं.

काल अश्विनच्या गाण्याला कुणी उठलं नाही. कार्यक्रम संपायच्या आत त्याचा फोन आला, रस्त्यावरून. मागं ट्रक जात होते.

"आई, एक माणूस उठला होता. मले वाटलं, येऊन राहिला. तो पाणी प्यायले गेला."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. मोतीराम गाडी घेऊन गेला आणि त्याला आणलं. आज दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून आहे म्हणे. मोतीराम कामावर गेला नाही, त्याच्याजवळ बसून आहे.

मला गेल्या पावसाळ्यातला दवाखान्याचा वास येतोय. घरात कसलाही वास नसताना येतोय.

३१ मार्च

केलं. त्यात काय एवढं? मोतीरामच्या ओळखीच्या दोघातिघांना सांगायचं: अश्विन गायला की उठा, नोट द्या, नाव सांगा. मोतीराम आढेवेढे घेत होता. "ताई, हे बरं नाई दिसत." मी म्हटलं, तू भिंतीकडं तोंड करून पडलेलं पाहिलंस ना त्याला? मग नावं सांगायला लागला.

काल रात्रीचा अश्विनचा फोन लिहून ठेवायलाच हवा. बोलताना शब्द एकमेकांवर पडत होते. "आई, उठले लोक! आपल्याआपण! एक म्हतारा त स्टेजवर चढला अन् माह्या कानात म्हणे, जुन्या गाणाऱ्याइची आठवण आली बाबू." मी डोळे पुसत म्हटलं, बघ!

नंतर मोतीरामला विचारलं, ते कानातलं वाक्य तू शिकवलंस का? तो म्हणाला, त्या म्हाताऱ्याला तो ओळखतच नाही. ज्यांना सांगितलं होतं त्यांनीच आणखी कुणाला तरी उभं केलं असेल. काम चोख झालं म्हणायचं.

१५ एप्रिल, अकोला

काल चौदा एप्रिल. मी मुद्दाम आले. निळे झेंडे, निळा गुलाल, उभं राहायला जागा नाही. अश्विननं स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. ह्यांचे आजोबा छप्पन साली दीक्षेला नागपूरला चालत गेले होते, फडक्यात भाकरी बांधून, त्या चालण्याचं गाणं. मी अख्खा वेळ लोकांच्या तोंडाकडे बघत होते. कोण जांभई देतंय, कोण मोबाईल काढतंय, आपली माणसं वेळेवर उठतायत का. जीव टांगणीला लागला होता. आपली उठली आणि त्यांच्यामागं आणखीही पुष्कळ उठली. मोतीराम म्हणाला, "बाकीचे मनानं उठले, ताई." असतील बापडे. गर्दीचं तसंच असतं, एक उठला की दुसरा उठतो.

घरी आल्यावर अश्विननं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, फर्स्ट क्लास. आजोबांचं ऐकून ह्यांना बरं वाटलं असतं, पण ते अमरावतीलाच थांबले. म्हणाले, "मी आलो न् माह्यं तोंड सुटलं त?"

आता नवीन धास्ती. सव्वीस तारखेला बार्शीटाकळीजवळच्या एका गावात सामना ठरलाय. दोन पार्ट्या समोरासमोर. एका बाजूला देवीदास आणि आमचा अश्विन, दुसऱ्या बाजूला आशाबाई. सामन्याची गंमत अशी, की आधी वैचारिक गाणी होतात आणि मग रंग चढला की एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात. टक्कल, पोट, बायको, उधारी, काही म्हणजे काही सोडत नाहीत. लोक त्यासाठीच येतात. आशाबाईंची जीभ म्हणजे विळाच, असं मोतीराम हसत हसत सांगत होता. मी ताट सारलं आणि त्या राहतात कुठं ते विचारून घेतलं.

१९ एप्रिल

बार्शीटाकळीला जाऊन आले. आशाबाई अंगणात सरकीचं पोतं उन्हाला घालत होत्या. साठीच्या असतील, आवाज फाटका पण खणखणीत. "या मॅडम, जय भीम" म्हणून पाणी दिलं.

मी म्हटलं, सव्वीस तारखेला माझ्या मुलाला चिमटा काढू नका.

त्या आधी खो खो हसल्या. "अवो बाई, चिमटा नाई काढला त लोकं मले मांडवातून काढून देतीन. अन् पोट्टं गाते चांगलं, आयकलं म्या. त्याच्यासाठी त एक मस्त तयार करून ठेवला. त्याचे ते लंबे लंबे केस आहेत ना..."

"नोका काढू बाई. पाया पडते."

आणि मी खरंच वाकले. आयुष्यात बदलीसाठी कुणापुढं वाकले नाही ती. मग सगळं सांगितलं. दवाखाना, नळ्या, आयसीयूचं ते काचेचं दार, सगळं. आशाबाईंचं हसू मावळलं. पोत्यावर बसल्या आणि बराच वेळ सरकी हातानं चाळत राहिल्या.

"बाई, आमच्यात ज्याले चिमटा काढत नाई ना..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमी माय आहा. नाई काढत."

मी त्यांचे हात धरले. येताना बसमध्ये डुलकी लागली, इतकं हलकं वाटत होतं.

२७ एप्रिल

काय लिहू? लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सामना दिवस मावळताना सुरू झाला. मी बायकांत बसले होते. सगळं छान चाललं होतं. मग चिमट्यांची वेळ आली. आशाबाईंनी देवीदासांच्या पोटावर एक कडवं टाकलं, लोक लोळले. ढोलकवाल्याच्या रंगवलेल्या मिशीवर टाकलं. बेंजोवाल्यालाही सोडलं नाही. प्रत्येकानं उठून उलटा टोला दिला. अश्विनची पाळी येत चालली तसा तो पुढं सरकला, गुडघ्यावर बसला, केस मागं सारले. उत्तर तयार ठेवलं असणार त्यानं, ओठ हलत होते.

आशाबाई त्याच्याकडे वळल्या, माइक धरला आणि म्हणाल्या, "लेकरू गुणाचं आहे. चांगलं गाते." हात जोडले आणि पुढच्या गाण्याला लागल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "याले काहून सोडलं बा?" अश्विन तसाच गुडघ्यावर होता. देवीदासांनी पेटी सुरू केली तरी तो तसाच.

मग तो आपल्याच पार्टीचं गाणं अर्ध्यात टाकून उठला आणि मांडवामागं गेला. गाणं संपल्यावर आशाबाई तिकडं आल्या, मीही धावले.

"मावशी, सगळ्याइले काढला. ढोलकवाल्याले काढला. मी काय तुमाले माणूस नाई वाटलो?"

"तसं नाई रे बाळा."

"एक त काढाचा होता. लहानसा."

आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढं बघणं पुरलं. तो माझ्याकडे वळला आणि मी, इतक्या वर्षांची हेडमास्तरीण, मान खाली घालून उभी राहिले.

"तू गेलती मावशीच्या घरी?"

"बाबू, तुह्या भल्यासाठीच..."

"अन् बक्षीस? तेबी?"

मी मान हलवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चपला पायात न घालता, हातात घेऊन तो डांबरी रस्त्याकडे चालायला लागला. मोतीरामची गाडी मांडवाच्या पलीकडं होती, ती वळवून येईपर्यंत तो दिसेनासा झाला.

२८ एप्रिल

फोन बंद. मोतीराम आणि देवीदास दोघंही रात्रीपासून हिंडतायत. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, दवाखाने. दवाखाने हा शब्द मोतीराम हळूच म्हणतो. पोलिसांत फोटो दिला. अश्विनचे बाबा पहाटेच्या गाडीनं आले, ते अकोला स्टेशनच्या बाकावर बसून आहेत, येणारी प्रत्येक गाडी बघतायत. मी त्यांना म्हटलं, माझ्यामुळं झालं. त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

पुन्हा तसं झालं तर? यापुढं हात चालत नाही.

२९ एप्रिल

सापडला. जिवंत आहे. मूर्तिजापूरच्या प्लॅटफॉर्मवर, नळाजवळच्या बाकावर. मोतीरामला एका चहावाल्यानं दाखवला. अमरावतीचं तिकीट काढून गाडीत बसला आणि मधातच उतरला म्हणे. "मामाच्या घरी जावसं नाई वाटलं अन् आपल्याबी," एवढंच बोलला. पाय फोडांनी भरलेत. मी जवळ गेले तर त्यानं पाय आवरून घेतले.

३० एप्रिल

डॉक्टरबाईंकडे नेलं. त्याच्याशी पुष्कळ वेळ एकट्याशी बोलल्या. औषध बदललं, काही दिवस एकटं ठेवायचं नाही, दर आठवड्याला यायचं. मला म्हणाल्या, "तुम्ही फार दमलाय." मला वाटलं होतं रागावतील. त्याच्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

२ मे, अमरावती

आज तो बोलला. मी वरण घोटत होते, तो उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

"आई, एक इचारू? आजवर मले जे जे चांगलं म्हटलं लोकायनं, त्यातलं कोणाकोणाले तू सांगितलं होतं?"

"कोणालेच नाई रे, फक्त अकोल्यात..."

"सातवीत गॅदरिंगले पयला नंबर आला होता. तुह्याच शाळेत."

तो खरा होता, म्हटलं. खरंच खरा होता.

"कशावरून?"

मी वरणात पळी फिरवत राहिले.

"तो म्हतारा, कानात बोलला तो?"

"तो आमचा नव्हता, बाबू. मामा त्याले ओळखत नाई."

"कशावरून?"

तो चिडून विचारत नव्हता. वर्गातला शहाणा पोरगा शंका विचारतो तसं विचारत होता. चौदा एप्रिलला उठलेले लोक, कॉलेजमधली ती मुलगी जिनं त्याच्या गाण्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, एकेक घेत गेला. मी प्रत्येकाला "खरं होतं" म्हणत गेले आणि दर वेळी माझं मलाच ते खोटं वाटत गेलं. शेवटी म्हणाला, "आता मले कोणी काईबी चांगलं म्हटलं, त मी काय करू?"

जगातल्या प्रत्येक माणसानं त्याला चांगलं म्हटलं तरी आता ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही. दार मी बंद करून ठेवलं. नकार अडवायला गेले आणि सगळंच अडलं. मग आता उपाय काय, ते मला सुचत नाही. मला नेहमी काहीतरी सुचतं.

६ मे

दोन घास खातो. अंघोळ सांगितली तर करतो. ह्यांनी त्याच्या खोलीत आपली गादी टाकली आहे. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत. मी "केस छान दिसतायत" म्हटलं तर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की वाटतं धरणी पोटात घेईल तर बरं.

त्याला काय दुखतं ते मला आता थोडं कळायला लागलंय. सोसत नाही.

९ मे

देवीदासांचा फोन माझ्या मोबाईलवर आला. "मॅडम, बुद्धपौर्णिमेले अश्विनले नाई नेत. मांडव सोडून मधात निघून गेला, बाकीचे गाणारे तोंडघशी पडले. माणसाचा भरोसा पाह्यजे. पुढच्या सीझनले पाहू." मी हातापाया पडले. निदान कार्यक्रमच रद्द झाला असं त्याला सांगा, म्हटलं. म्हणाले, "माफ करा मॅडम. एकडाव तुमचं आयकलं, आता नाई."

मग मीच सांगायचं ठरवलं. गावात पाण्याची टंचाई, कार्यक्रम रद्द. शोभेल असंच. चहा घेऊन खोलीकडे गेले तर आतून ह्यांचा आवाज. फोनवरचं त्यांनी ऐकलं होतं.

"देवीदासनं नाई म्हटलं. बुद्धपौर्णिमेले तुले नेत नाई."

मी चहा घेऊन दारातच थांबले.

"काहून?"

"गाणं मधात टाकून उठला म्हणून. भरोसा पाह्यजे म्हणते."

मग जे झालं ते मी दाराच्या फटीतून बघितलं. पोरगं गुडघ्यात डोकं घालून गदगदून रडलं. मूठ भिंतीवर आपटली. हे उठले नाहीत, पाठीवरून हातही फिरवला नाही, नुसते गादीवर मांडी घालून बसून राहिले. किती वेळ! ऊन सरकून पलीकडच्या भिंतीवर गेलं. जवळ जाऊन समजूत घालावी एवढी साधी अक्कल नाही या माणसाला. जखमेवर मीठ चोळलं आणि बसून राहिले.

संध्याकाळी ते बाहेर आल्यावर मी नाही नाही ते बोलले. ते म्हणाले, "खोटं बोलाले मले जमत नाई, माया. खरं बोलाची भीती वाटते म्हणून इतके दिवस बोललोच नाई." आणि ताट वाढून घेतलं. दोन ताटं वाढून घेतली आणि खोलीत नेली.

११ मे

आता माझ्या हातून शेवटचं काय व्हायचं राहिलं होतं तेही झालं.

दुपारी मी भाजी निवडत होते. अश्विन आला, समोर पाट ओढून बसला. म्हणाला, "गाणं म्हणतो. आयक." आणि ते आजोबांच्या चालण्याचं गाणं म्हणायला लागला. बेंजो नाही, ढोलक नाही. बघायला लोकांची तोंडं नव्हती, म्हणून मी ऐकलं. खरं लिहायचं तर पहिल्यांदाच ऐकलं. फडक्यात बांधलेल्या भाकरीपाशी मी भाजी निवडायची विसरले.

संपल्यावर तो बघत राहिला. "सांग."

फर्स्ट क्लास, हे शब्द जिभेवर आले होते. पण मी इतकी दमलेय, की ते पुढं ढकलायलाही ताकद उरली नव्हती. तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या कडव्यात आवाज ओढते रे. वर चढतानी. कानाले बरं नाई लागत."

माझं मलाच ऐकू आलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. डोळे भरले. खालचा ओठ दातात धरला. मी "तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला, थांब म्हणून.

"अन् पयलं?"

"पयलं बरं होतं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार, पहिलं बरं होतं.

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, शेतकरी आभाळाकडे पाहतो तसा. मग उठून खोलीत गेला.

तेव्हापासून तेच चाललंय. तेच दुसरं कडवं, तेच वर चढणं. म्हणतो, तुटतो, थांबतो, पुन्हा तिथूनच धरतो. मधे मधे रडतोही, मला ऐकू येतं. किती वेळा! घसा फाटेल त्याचा. एका शब्दावरून पोरानं स्वतःला एवढी शिक्षा लावून घेतली आणि तो शब्द माझ्या तोंडातून गेला. डॉक्टरबाईंचा फोन लागत नाही. मी ह्यांना म्हटलं, जा, दाराशी जाऊन बसा, लक्ष ठेवा, काही वाटलं तर आत शिरा.

गेलेत. दाराला पाठ टेकून बसलेत, डोळे मिटून घेतलेत आणि मांडीवर ताल धरलाय. घरावर काय वेळ आली आहे, या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही.